आप्पांना हळू गायला सांगू का?

सलाम ताई,

मी नाशिकरोडला राहते. घरात मी, मुलगा (वय 19, इंजिनिअरिंगला आहे) आणि माझे सासरे, आम्ही तिघंच. मिस्टर 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडमध्ये गेले. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात, वय 79, प्रेसमधून रिटायर झालेत. ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातली गीतं त्यांना पाठ आहेत, पुस्तक हातात असतं पण उघडत नाहीत. आवाज मोठा आहे, आता वयामुळे सुरात राहत नाहीत आणि तालाच्याही मागे पडतात, पण डोळे मिटून मनापासून गातात.

आमच्या चर्चमध्ये दीडेक वर्षापूर्वी तरुणांची वर्शिप टीम (उपासनेत गाणी म्हणणारा गट) सुरू झाली, माझा मुलगा त्यात कीबोर्ड वाजवतो. नवीन साउंड सिस्टीम आलीये, उपासना मोबाईलवर लाईव्ह पण जाते. मागच्या महिन्यात टीममधल्या एकाने मुलाला सांगितलं की तुझ्या आजोबांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, गाणारे कन्फ्यूज होतात, त्यांना जरा हळू गायला सांग नाहीतर मागे बसव. मुलगा घरी येऊन म्हणाला, मम्मी तू सांग, मला नाही जमणार. त्याला लाज वाटते हे मला दिसतं आणि त्याचंही वाईट वाटतं.

मी आप्पांना अजून काही बोललेले नाही. मिस्टर गेल्यापासून मला स्वतःलाच चर्चमध्ये गाता येत नाही, गळा दाटून येतो, नुसती उभी राहते. मग गाण्याबद्दल मी काय बोलणार असं वाटतं. आणि खरं सांगायचं तर आता तसंही फार कोणी गात नाही, सगळे स्क्रीनकडे बघत उभे असतात. मंडळीने, म्हणजे चर्चला आलेल्या सगळ्यांनी, गाणं खरंच एवढं महत्त्वाचं आहे का? की टीमने चांगलं गायलं आणि आपण मनातून सामील झालो तरी चालतं? आप्पांना कसं सांगू ते सांगा.

एक बहीण, नाशिकरोड

प्रिय बहिणी, सलाम.

आप्पांना हळू गायला सांगू नका, आणि मागे तर अजिबात बसवू नका. हे आधीच सांगून टाकते कारण तुम्ही महिनाभर ते ओझं घेऊन फिरताय. पण टीमच्या मुलाला जे खटकलं ते पूर्ण खोटं आहे असंही मी म्हणणार नाही, त्याच्यावर करण्यासारखं बरंच काही आहे, फक्त ते आप्पांना गप्प करणं नाहीये.

आधी तुमचा मोठा प्रश्न घेते, मंडळीने गाणं एवढं महत्त्वाचं आहे का, कारण त्याचं उत्तर नीट मिळालं तर बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसकरांस पत्रात पाचव्या अध्यायात आणि कलस्सैकरांस तिसऱ्या अध्यायात गाण्याबद्दल लिहिलंय, ते आपण शेकडो वेळा ऐकतो आणि एक गोष्ट हमखास सुटते. तो सांगतो की मनात प्रभूला गा, हे तर आहेच, पण त्याच वाक्यात म्हणतो की स्तोत्रं आणि गीतं गात एकमेकांशी बोला, एकमेकांना शिकवा, बोध करा. म्हणजे चर्चमधलं गाणं दोन दिशांना जातं, एक वर देवाकडे आणि दुसरी शेजारी बसलेल्या माणसाकडे. तुमच्या बाजूच्या बाकावरची आजी गाते तेव्हा ती तुम्हाला काहीतरी सांगत असते, की मी अजून विश्वास धरून आहे, तूही धर. आता मला सांगा, हे होण्यासाठी काय लागतं? शेजारचा आवाज कानावर पडायला लागतो, एवढंच. तो सुंदर असायची अट पौलाने कुठेही घातलेली नाही. म्हणून टीमने चांगलं गायलं आणि आपण मनातून सामील झालो तरी चालेल का या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की देवाला तुमचं मन नक्कीच कळेल, पण तुमच्या शेजारणीला नाही कळणार, आणि तिचाही त्यात वाटा आहे.

हे काही माझ्या पिढीचं जुनं खूळ नाही. शेवटच्या भोजनानंतर जैतुनाच्या डोंगराकडे निघण्याआधी प्रभू आणि शिष्य गीत गाऊन उठले असं मत्तय 26:30 मध्ये आहे, पुढे गेथशेमाने बागेतली ती रात्र आहे, अटक आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर ती बारा-तेरा काय ती माणसं मिळून गातायत, त्यातले काही कोळी, गवई म्हणून कोणी नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते आणि कैदी ऐकत होते असं लूकने मुद्दाम नोंदवलंय. बायबलबाहेर बघायचं तर साधारण इसवी सन 112 च्या सुमाराला प्लिनी नावाच्या रोमन गव्हर्नरने सम्राट त्राजानला पत्र पाठवलं होतं, ख्रिस्ती लोक पकडून आणलेत, यांचं करायचं काय असं विचारायला, आणि त्यात त्याने त्यांच्याबद्दल काय लिहिलं तर हे ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात. त्यांच्याकडे ना चर्चची इमारत होती ना स्टेज, बाहेरच्या माणसाला ओळख पटायला हे गाणं होतं.

मग मधल्या काळात हे मंडळीच्या हातून गेलं. चौथ्या शतकात लावदिकीया (आजच्या तुर्कस्तानातलं एक जुनं शहर) इथल्या धर्मसभेने नियम केला की नेमलेल्या गायकांशिवाय चर्चमध्ये कोणी गाऊ नये. त्यांचं कारणही वाईट नव्हतं हो, सगळं व्यवस्थित व्हावं, बेसूर होऊ नये, चुकीच्या शिकवणीची गाणी शिरू नयेत. पण पुढच्या शतकांमध्ये पश्चिमेकडे हळूहळू असं झालं की लोक बघणारे आणि ऐकणारे उरले. ते परत आणायला जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकासारख्या माणसाला झटावं लागलं, 1524 मध्ये त्यांच्या चळवळीचं पहिलं गीतपुस्तक निघालं ते फक्त आठ गीतांचं होतं, त्यातली चार त्याची स्वतःची, सगळी लोकांना समजेल अशा भाषेत आणि गाता येईल अशा चालीत. आपल्या कॅथलिक भावंडांकडे दुसऱ्या व्हॅटिकन सभेने 1963 मध्ये उपासनेबद्दलचा दस्तऐवज काढला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की लोकांनी पूर्ण, समजून उमजून आणि सक्रिय भाग घेतला पाहिजे, लोकभाषेला दार उघडलं. तुम्ही नाशिकरोडच्याच आहात, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला किती लांबून लांबून लोक येतात ते तुम्ही बघितलेलं असणार. त्यातल्या साध्यासुध्या माणसाच्या तोंडी आपल्या भाषेतली प्रार्थना आणि गीत आहे ते कोणीतरी आणलं म्हणून आहे. एवढं सगळं सांगायचं कारण की तुमच्या टीममधला तो मुलगा नकळत त्या जुन्या नियमाकडेच चाललाय. त्याच्या मनात वाईट नसेल, त्याला चांगलंच करायचंय, पण चांगलं करायच्या नादातच हे पूर्वी एकदा हातातून निसटलेलं आहे.

आणि आपल्या मराठी मंडळीला तर हे गाणं फार कष्टाने मिळालेलं आहे, नाशिककरांनी तरी ते विसरू नये. सुरुवातीला मिशनच्या चर्चांमध्ये बरीचशी गीतं इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, चालीही तिकडच्याच, आपल्या लोकांच्या जिभेवर नीट बसत नव्हत्या. नारायण वामन टिळक, जे तरुणपणी इथे नाशकात राहिले शिकले, त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, ओवी, कीर्तन या आपल्या घरच्या रूपांमध्ये ख्रिस्ताची गीतं रचली, आणि आप्पांना जी पाठ आहेत ना त्यातली कितीतरी त्यांची असणार. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेक, 1868 चा जन्म, आणि 1936 मध्ये नाशकातच गेल्या, त्यांनीही गीतं लिहिली, कीर्तनं केली. हे रूप त्यांनी का निवडलं असेल याचा विचार करा. दिंडीत, भजनात अभंग एकट्याने म्हणायचा नसतो, पुढे असलेला एकजण ओळ उचलतो आणि मागचे सगळे ती झेलतात. दर वर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी नाशकातून पुढे जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐका, त्या दिंडीत ऐंशी वर्षांचे म्हातारे किती सुरात असतात? त्यांना कोणी गप्प बस म्हणत नाही, त्यांच्यामुळे तर दिंडी उभी आहे. त्या मातीतलं गाणं आपल्याला चर्चमध्ये मिळालं, आणि ते पाठ असलेला माणूस तुमच्या घरात आहे, नातवाच्या हाताशी कीबोर्ड आहे. ताई, हे केवढं मोठं भाग्य आहे ते तुमच्या पत्रात तुम्हाला दिसलेलं नाही, म्हणून मी जरा जास्त बोलतेय.

आता दुसरी बाजू, कारण मी टीमच्या विरोधात अजिबात नाहीये. तरुण मुलं शनिवारी संध्याकाळ चर्चमध्ये प्रॅक्टिसला घालवतात, ही प्रार्थनेचं उत्तर मिळाल्यासारखी गोष्ट आहे. आणि देवाच्या घरात शिकलेल्या गायकांना जागा आहेच, पहिल्या इतिहासाच्या 25 व्या अध्यायात दावीदाने नेमलेले 288 गायक मोजून सांगितलेत, सगळे तयारीचे. प्रश्न इतकाच की त्यांचं काम काय. माझ्या मते त्यांचं काम मंडळीचा आवाज उचलून धरणं, मंडळीच्या जागी गाणं नाही. टीम चांगली आहे का हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, ती गात असताना लोक जास्त गातात की कमी. तुम्ही लिहिलंय आता फार कोणी गात नाही. हे आप्पांमुळे झालंय का? आप्पा तर एकटे गाणारे उरलेत, म्हणून तर त्यांचा आवाज वेगळा कळतो! दोनशे माणसं गात असती तर त्यांचा अर्धा सूर कुठे गेला कोणाला पत्ताही लागला नसता.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्लंडच्या जॉन वेस्लीने 1761 मध्ये गीतपुस्तकाबरोबर गाण्याच्या काही सूचना छापल्या होत्या, त्या मला फार आवडतात कारण त्यात दोघांसाठीही आहे. सगळ्यांनी गा म्हणतो, थकवा आला किंवा जड वाटलं तरी गा, अर्धमेल्यासारखं नको, दम लावून गा. आणि पुढे लगेच म्हणतो, नम्रपणे गा, ओरडू नका, आपलाच आवाज मंडळीच्या वर वेगळा ऐकू येईल असं करू नका, ताल सोडू नका, पुढे पळू नका मागे राहू नका, पुढच्या आवाजांकडे लक्ष ठेवून त्यांच्याबरोबर चला. म्हणजे नुसतं गाणं पुरत नाही, ऐकतही गायचं असतं. आणि इथेच मला वाटतं आप्पांची खरी अडचण आहे.

माझा अंदाज सांगते, आप्पांना ऐकू कमी येतंय. वयाने कानाचे वरचे, बारीक सूर आधी जातात, घरात बोलणं चालतं म्हणून आपल्या लक्षात येत नाही. टीव्ही मोठा लावतात का? दोन-तीन जण एकदम बोलले की काय म्हणालात काय म्हणालात विचारतात का? तसं असेल तर चर्चमध्ये त्यांना कीबोर्डचा सूर नीट पोचतच नसेल, स्पीकरमधून येतो तो ढोल आणि बासचा गडगडाट, शेजारी कोणी गात नाही, मग बिचारे कशाच्या आधाराने सुरात राहणार आणि कशाच्या आधाराने तालात? ते त्यांच्या पाठांतरातल्या चालीच्या आधाराने गातायत, चाळीस वर्षांपूर्वीच्या लयीत. तेव्हा आप्पांची एकदा कानाची तपासणी करून घ्या, ऑडिओलॉजिस्टकडे. मशीन लागलं तर तिथे आवर्जून सांगा की हे चर्चमध्ये गातात, कारण मशीन मुळात बोलणं ऐकण्यासाठी सेट केलेलं असतं, संगीतासाठी बऱ्याच मशीनमध्ये वेगळं सेटिंग करून मिळतं. आणि त्यांची जागा बदलायचीच असेल तर स्पीकरच्या समोरून हलवून पुढच्या बाकांवर, चांगलं गाणाऱ्या एक-दोन माणसांच्या मध्ये द्या. मागे नाही, पुढे आणि मध्ये. कारण विचारलं तर खरंच सांगा, की आप्पा इथे तुम्हाला पेटी नीट ऐकू येईल.

मुलाशी मात्र तुम्ही बोला, आणि त्याला रागावू नका. 19 वर्षांचं पोर आहे, मित्राने आजोबांबद्दल बोललेलं त्याला लागलंय आणि त्याच वेळी टीममधलं स्थानही सांभाळायचंय, तुमच्याकडे आला याचाच अर्थ त्याला आजोबांना दुखवायचं नाहीये. त्याच्या हातात काय आहे ते त्याला दाखवा, कारण कीबोर्डवाल्याच्या हातात फार असतं. पहिलं म्हणजे पट्टी, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या सुरात धरायचं ते. टीम नवीन गाणी कुठून शिकते तर यूट्यूबवरून, आणि तिकडच्या गायकाने ज्या पट्टीत म्हटलंय तीच जशीच्या तशी उचलतात, तो गायक असतो तयारीचा, त्याचा वरचा सूर आपल्या मंडळीतल्या ना काकांना लागतो ना मावशींना. मग लोक पहिलं कडवं प्रयत्न करतात, ध्रुपद वर गेलं की एकेक करून गप्प होतात, आणि टीमला वाटतं लोकांना गाण्यात रस नाही. साधा हिशोब ठेवायचा, चालीतला सगळ्यात वरचा सूर मधल्या सप्तकाच्या वरच्या पांढरी दोनच्या (इंग्रजीत D) पुढे जायला नको, बाया तिथे म्हणतील आणि पुरुष खालच्या सप्तकात. जातोय असं दिसलं तर कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, दोन-तीन घरं खाली घ्यायचं, एका सेकंदाचं काम आहे, गिटारवाल्याला तेवढा कॅपो (गिटारच्या मानेवर लावायची पट्टी) सरकवावा लागेल किंवा कॉर्ड बदलावे लागतील, तो कुरकुर करेल, करू दे.

दुसरं आवाज. तुमच्या मुलाला सांगा की प्रॅक्टिसच्या दिवशी नाही, रविवारीच, भरल्या उपासनेत, कधीतरी स्वतः वाजवायचं सोडून मधल्या बाकावर जाऊन उभं राहायचं आणि बघायचं की शेजारचा माणूस गाताना ऐकू येतो का. नसेल येत तर आवाज जास्त आहे, मीटर लावायची गरज नाही. माणसाला स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज ऐकू आला नाही की तो गायचं थांबवतो, सगळीकडे असंच होतं, आणि ज्यांच्या चर्चला पीओपीचं खाली आणलेलं छत आणि कार्पेट आहे तिथे तर अजून जास्त होतं कारण लोकांचा आवाज त्यात शोषला जातो, जुन्या उंच दगडी चर्चमध्ये तो घुमून परत आपल्याकडे येतो आणि गाणाऱ्याला धीर येतो. लाईव्हसाठी रेकॉर्डिंग स्वच्छ पाहिजे असेल तर ते मिक्सरमधून वेगळं करता येतं, टीमचे माइक थेट तिकडे जातात, त्यासाठी समोर बसलेल्या जिवंत मंडळीला गप्प करायचं म्हणजे फारच झालं, मला हे लिहितानाही त्रास होतोय. मोबाईलवर बघणाऱ्या आजारी माणसाला तर उलट मंडळीचा आवाज ऐकू आला पाहिजे, आप्पांसकट, म्हणजे त्याला वाटेल आपली माणसं तिथे आहेत. लॉकडाऊनमध्ये आपण झूमवर एकत्र गायचा प्रयत्न केला होता ते आठवा, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचायचा, सगळ्यांना म्यूट करून एकच जण गायचा आणि आपण आपापल्या घरात ओठ हलवायचो. तेव्हा आपण रडत होतो की कधी एकत्र गाऊ, आणि आता एकत्र आहोत तर म्यूट होऊन उभे आहोत.

नवीन गाण्यांना माझा विरोध नाही, टिळकांचीही कधीतरी नवीनच होती. फक्त एक नवीन गाणं घेतलं की ते सलग तीन-चार रविवार म्हणा, उपासनेआधी पाच मिनिटं ओळ ओळ करून शिकवा, आणि एखादं कडवं सगळी वाद्यं थांबवून नुसत्या आवाजावर होऊ द्या. सुरुवातीला लोक दचकतील, दबकत म्हणतील, दोन-तीन आठवड्यांत मोकळे होतील. होतील असं मी एवढ्या खात्रीने म्हणते कारण हीच माणसं डिसेंबरात कॅरल राउंडला, नाताळची गाणी घरोघरी म्हणत फिरताना, गातात की. थंडीत कानटोप्या घालून रात्री अकराला कोणाच्या तरी बिल्डिंगखाली, एक ढोलकी, एक खंजिरी, माइक नाही स्क्रीन नाही, आणि सगळ्या वयाची माणसं घसा बसेपर्यंत गातात, कोण सुरात आहे कोण नाही याची चर्चाही होत नाही. म्हणजे लोकांना गाता येतं आणि गायचंही असतं, रविवारी आपणच ती जागा बुजवून टाकलीये. आणि हो, महिन्यातून एखाद्या रविवारी तरी उपासना संगीतातलं एक गीत टीमने आप्पांकडून शिकून बसवावं असं मुलाला सुचवा. खरी चाल, जुनी लय, कुठे थांबायचं कुठे वळण घ्यायचं, हे पुस्तकात नाहीये, आप्पांसारख्यांच्या गळ्यात आहे आणि ती माणसं कायम राहणार नाहीत. नातवाने पेटी घेऊन घरी आजोबांजवळ बसायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. आप्पा त्याच्या तालात येतील आणि तो आप्पांच्या चालीत, दोघांचंही काम होईल.

काही लोक मला गाण्याचे शरीराला होणारे फायदे पाठवत असतात, 2013 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की एकत्र गाणाऱ्यांचे हृदयाचे ठोके बरोबरीने वरखाली होतात, कारण गाण्यामुळे सगळ्यांचा श्वास एका लयीत येतो. छान आहे, खरं आहे, पण त्यासाठी चर्चमध्ये गायचं असं मी म्हणणार नाही, गाण्याच्या क्लासलाही तेच होईल.

आता तुमच्याबद्दल. ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, मला ते सगळ्यात जास्त लागलं.

तुम्हाला गाता येत नाही म्हणून गाण्याबद्दल बोलायचा हक्क नाही असं समजू नका. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं रडण्याची आणि तक्रारीची आहेत, देवा कुठे आहेस, किती दिवस, अशी, आणि तीही मंडळीने गायची म्हणूनच दिलेली आहेत. तुमच्या चर्चमध्ये अशी गीतं अलीकडे कधी म्हटली गेली का? नसतील, कारण आनंदाचीच गाणी एकामागे एक लावायची पद्धत पडलीये, आणि ज्याच्या घरात दुःख आहे त्याला तिथे तोंड उघडायला जागाच राहत नाही. पाळकसाहेबांना (पास्टरना) हे सांगा. तुमच्यासारखी अजून कितीतरी घरं आहेत, 2021 चा तो एप्रिल नाशिक विसरलेलं नाही.

संत ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मगुरूने त्याच्या आत्मवृत्तात लिहिलंय की 386 मध्ये मिलान शहरात राजघराण्याच्या दबावाविरुद्ध लोक बिशप अँब्रोजबरोबर चर्चमध्येच रात्रंदिवस ठाण मांडून होते, त्याची आई मोनिकाही त्यात होती, आणि लोक दुःखाने खचून जाऊ नयेत म्हणून तिथे सगळ्यांनी मिळून स्तोत्रं गायची पद्धत सुरू झाली. दीड-दोन वर्षांनी मोनिका वारली, परदेशी, घरापासून लांब. ऑगस्टीन डोळ्यातलं पाणी आवरून बसलेला, त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. तेव्हा एव्होदियस नावाच्या मित्राने स्तोत्राचं पुस्तक घेतलं आणि 101 वं स्तोत्र उचललं, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याला प्रतिसाद देत गायलं. आपल्याकडेही मयताच्या घरी रात्रभर भजनं होतात ती का? ज्याचं माणूस गेलंय त्याने गावं म्हणून नाही. त्याला गाता येत नाही म्हणून बाकीच्यांनी गायचं, त्याच्या वाटचा विश्वास तेवढी रात्र आपण धरून ठेवायचा. मंडळीच्या गाण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. तुमचा गळा दाटतो त्या रविवारी तुम्ही गप्प उभ्या राहा, काही बिघडत नाही, पण तुमच्या आजूबाजूला कोणीतरी गात असलंच पाहिजे.

आणि तुमच्या बाजूला कोण गातंय? आप्पा. तुमचा नवरा गेला तसा त्यांचा मुलगा गेला. ज्या बापाने या वयात मुलगा पुरला तो अजून दर रविवारी उभा राहून मोठ्याने गातो, बेसूर का होईना. ते तुमच्यासाठीही गातात असं मला वाटतं, त्यांना तसं बोलून दाखवता येणार नाही, त्या पिढीचे पुरुष बोलत नाहीत. तुम्हीच कधीतरी घरी विचारा, आप्पा, त्या वर्षी तुम्हाला कसं काय गाता आलं. मुलगाही घरात असताना विचारा.

टीमच्या त्या मुलाला काय उत्तर द्यायचं ते तुमच्यावर किंवा तुमच्या मुलावर सोडू नका, ते पाळकसाहेबांचं काम आहे, उपासनेची जबाबदारी त्यांची. उपासनेनंतर दारात उभ्या उभ्या नको, आठवड्यात वेळ मागून मुलाला बरोबर घेऊन जा, कोणाचं नाव न घेता पट्टीचं, आवाजाचं आणि जुन्या गीतांचं असं तिन्ही बोला, तक्रार म्हणून नाही, मुलगा स्वतः करायला तयार आहे असं सांगून. कानाची तपासणी त्याआधी करून घेतलीत तर बरं, म्हणजे आप्पांचा विषय निघाला तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी ठोस असेल. पाळकसाहेब काय म्हणाले ते मला कळवा, आणि त्यांना पटलं नाही तर तेही कळवा, पुढे काय करायचं ते बघू.